पहिलं वेत

ऐक. मधे हुं म्हणू नकोस, मला माहितीये म्हणू नकोस, नुसतं ऐक. वरच्या आळीची काकू, ती गोठेवाली, जिच्या नवऱ्याला सगळे भोंगा म्हणतात, तिची गोष्ट आहे. अर्धी तू ऐकली असशील आणि ती अर्धी बहुतेक खोटी असेल.

तर त्या साली थंडी अशी पडली होती की विचारू नकोस. धुकं उतरायचं ते दुपार झाली तरी हलायचं नाही. गोठ्याच्या दारात उभं राहिलं तर समोरचं स्वतःचं घर दिसत नव्हतं. आतून भोंग्याचा खोकला ऐकू यायचा, त्यावरून कळायचं की घर त्या बाजूला आहे. काकूच्या बोटांना सांध्यासांध्यावर भेगा पडल्या होत्या. धार काढायला बसली की भेगेत दूध शिरायचं आणि झोंबायचं. ती आधी गाईच्या सडांना तेल लावायची, उरलं तर आपल्या बोटांना. कारण सड फाटला तर गाय लाथ मारते. काकूचं बोट फाटलं तर काकू कुणाला लाथ मारणार?

"मला मार," भोंगा म्हणायचा. "तुझं मन तरी शांत होईल."

"तुम्हाला मारून माझाच पाय दुखायचा."

असं त्यांचं चालायचं. लग्न झाल्यापासून. त्याला भोंगा का म्हणतात, तर पक्षाची सभा असली की गाडीवर भोंगा बांधून हा गावभर ओरडत फिरायचा. भोंगा बिघडला तरी त्याचं अडायचं नाही, असा आवाज. मिसरूड फुटल्यापासून एकच पक्ष. तो जुन्या वळणाचा, शिस्तीचा, जुनं ते सोनं म्हणणारा. पक्ष हरला की हा दोन दिवस जेवायचा नाही. आणि जिंकला की काकूच्या हातून भाजी खारट व्हायची. मुद्दाम नाही, असं ती म्हणायची.

मग एकदाचं त्यांचं सरकार आलं, आणि वर्षाच्या आत गावातलं आरोग्य केंद्र बंद झालं. बंद केलं असं नाही हं म्हणाले. 'विलीन' केलं म्हणाले.

"विलीन!" काकू शेण भरता भरता म्हणायची. "साखर दुधात विलीन होते तेव्हा दूध गोड तरी लागतं. हे केंद्र कशात विलीन झालं ते एकदा चाटून बघू द्या मला."

"खर्च वाचतो," भोंगा म्हणायचा. "मोठ्या कामात थोडं नुकसान होतंच. साहेबांनी भाषणात सांगितलंय."

"साहेबांच्या घरात बाळंतीण आहे का कुणी?"

भोंगा खोकायचा. उत्तर नसलं की त्याला खोकला यायचा.

कारण काकूच्या घरात होती. सून. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, पायांवर अशी सूज की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. मुलगा तिकडे लांब, रस्त्याच्या कामावर मशीन चालवायला. पुढच्या पंधरवड्यात रजा घेऊन येणार, हिला शहरात खोली घेऊन ठेवणार, असं सगळं ठरलेलं. केंद्रात एक सिस्टर होती, जाड भिंगाची, तोंडाने फटकळ, पण तिच्या हातावर या आळीतली निम्मी पोरं जन्मली. काकूचा मुलगासुद्धा. तिला कुठे पाठवलं कुणाला पत्ता नाही. आता केंद्राच्या ओट्यावर शेळ्या बसतात. डेअरीला दूध घालायला जाताना काकू रोज त्या बंद दाराकडे बघायची आणि तिच्या हातातलं कॅन उगाचच जड व्हायचं.

तर एका संध्याकाळी तिघं टीव्हीसमोर. सून पाय उशीवर ठेवून शेंगा सोलतेय, काकू भेगांत तेल भरतेय, भोंगा बातम्या बघतोय. आरोग्यमंत्र्यांचं भाषण. कुणीतरी केंद्रांबद्दल विचारलं असणार, तर हा माणूस हसला आणि म्हणाला, "अहो, बाळंतपण म्हणजे काय आजार आहे का? गोठ्यात गाय विते, तिला कोण नर्स लागते?"

समोरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि भोंगा हसला. सवयीने रे. साहेब हसले की हसायचं, अशी त्याच्या तोंडाला सवयच लागलेली. मग त्याने सुनेकडे पाहिलं. तिचा हात शेंगेवर थांबला होता. तिने शेंग फोडली, दाणे टाकले, टरफल बाजूला ठेवलं. भोंग्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, आत घ्यावं की बाहेर काढावं कळेना.

"त्यांचं म्हणणं तसं नव्हतं," तो म्हणाला. "हे टीव्हीवाले मागचं-पुढचं कापतात."

"मागचं-पुढचं काय असणार?" काकू म्हणाली. "पुढे गाय, मागे शेण."

"अगं पण..."

"आणि गाईला लागतो की डॉक्टर! डेअरीच्या भिंतीवर नंबर आहे. तुम्हीच रंगवलाय, मंत्र्यांच्या फोटोशेजारी. फोन केला की गाडी दारात. गाईला गाडी आणि बाईला भाषण."

भोंग्याला खोकला आला.

हे खरंय बघ. दूधवाल्यांची मतं कुणाला नको असतात? जनावरांसाठी फिरता दवाखाना याच सरकारने काढलेला, आणि तो चालायचाही चांगला. गाडीवर गुरांचा डॉक्टर यायचा, उंच, हडकुळा, नवीनच लागलेला पोरगा. ड्रायव्हरचं पदसुद्धा त्यांनी विलीन केलेलं, त्यामुळे गाडीही तोच चालवायचा. कंत्राटावर. सगळे त्याला नुसतं डॉक्टर म्हणायचे, कारण आता गावात दुसरा डॉक्टरच नव्हता, घोटाळा व्हायचा प्रश्न नाही.

आणि मग तो दिवस. दुपारची वेळ, पण धुक्याने अशी की आता दिवा लावावा की काय. काकू गव्हाणीत वैरण टाकत होती. सून घरातून गोठ्याकडे येत होती, चहाचा कप घेऊन, काकूसाठी. अर्ध्या वाटेत ती थांबली. काकूला धुक्यात नुसता आकार दिसला, आणि कप फुटल्याचा आवाज आला.

"आई," सून म्हणाली. "आई, ओलं झालं सगळं."

काकूने तिला घरात नेलं, आडवं केलं. कळा येत होत्या, पाठोपाठ. काकूने आयुष्यात किती गाई सोडवल्या असतील, पण बाईचं कधी केलं नव्हतं, सिस्टर होती ना. तिने कंदील... म्हणजे टॉर्च धरला, पाहिलं. तिला वाटलं होतं डोकं दिसेल. दिसला तो पाय. एवढासा, निळसर, बोटं मिटलेली.

"काय आहे?" सुनेने विचारलं.

"काही नाही. जोर देऊ नकोस. फू फू कर. जोर अजिबात नाही."

बाहेर येऊन तिने भोंग्याला फक्त म्हटलं, "पाय आलाय."

भोंग्याने माणसांच्या गाडीचा नंबर लावला. तिकडून पोरगी गोड आवाजात म्हणाली, तुमचा भाग आता दुसऱ्या केंद्राला जोडलेला आहे. दुसऱ्या केंद्राची गाडी कामावर आहे. धुकं आहे ना, संध्याकाळपर्यंत पाठवते. "संध्याकाळपर्यंत काय?" भोंगा ओरडला. "बाळ संध्याकाळपर्यंत थांबेल का?" ती म्हणाली, "सर, कृपया आवाज कमी करा."

दुधाचा टेम्पो सकाळीच गेलेला. शेजारचा ट्रॅक्टर होता, पण त्या खड्ड्यांत असल्या बाईला ट्रॅक्टरवर घालायची म्हणजे काय, तूच विचार कर. मग भोंग्याने साहेबांना फोन लावला. पक्षाच्या साहेबांना. ज्यांच्यासाठी तो आयुष्यभर ओरडला त्यांना. कुणीतरी उचलला.

"साहेबांना द्या. मी भोंगा बोलतोय."

"कोण?"

"भोंगा. वरच्या आळीतला. सभेला असतो मी. भोंगा."

"कोण भोंगा?" तिकडचा माणूस म्हणाला. मग फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाला, "कुणीतरी भोंग्याचं भाडं मागतोय वाटतं." आणि "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणून ठेवून दिला.

काकू दारातच उभी होती, तिने ऐकलं. एरवी तिने महिनाभर पुरवून पुरवून वापरलं असतं असलं काही. पण त्याचं तोंड पाहून ती काही बोलली नाही. आतून सून कण्हली. भोंगा फोनकडे बघत राहिला. मग त्याने नंबर दाबला. न बघता, पाठ होता ना, स्वतःच्या हाताने भिंतीवर रंगवलेला.

"गाय अडलीये," तो म्हणाला.

"कितवं वेत?" तिकडून विचारलं. गाय कितव्यांदा विते, हे विचारतातच ते.

भोंग्याने घराच्या दाराकडे पाहिलं. त्याचा आवाज इतका बारीक काकूने कधी ऐकला नव्हता.

"पहिलं," तो म्हणाला. "पहिलं वेत आहे."

"डोकं दिसतंय की पाय?"

"पाय."

"जनावर बसलंय की उभं?"

"आडवं," भोंगा म्हणाला, आणि भिंतीला टेकला.

"काळजी करू नका काका, गाडी जवळच आहे, निघालीच."

आणि आली रे! धुक्यात दिवे लावून, भरभर, आली. डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे बूट घालून उतरला तो सरळ गोठ्यात गेला. "गाय कुठाय?" गोठ्यात तांबडी उभी, पोट सुटलेलं, विण्याला आठवडाभर अवकाश, निवांत रवंथ करतेय. डॉक्टर तिच्याकडे बघतोय, ती डॉक्टरकडे बघतेय.

"इकडे," काकू घराच्या दारातून म्हणाली.

तो आला आणि उंबऱ्यावर थबकला. त्याच्या हातात वासराच्या पायाला बांधून ओढायची दोरी होती. सुनेची नजर त्या दोरीवर गेली. त्याने दोरी गपकन पाठीमागे लपवली, जसं काही चोरीच पकडली.

"काकू, मी माणसांचा डॉक्टर नाही. मी हात लावला तर मला आत टाकतील."

"हात लावू नकोस बाळा. गाडीचं स्टिअरिंग धर."

"गाडीत माणूस नेता येत नाही. नोकरी जाईल माझी."

काकू दारातून बाजूला झाली. तो उभा राहिला, खाली मान घालून बुटांकडे बघत. मग म्हणाला, "पेंढा आणा. स्वच्छ, कोरडा. खाली रबर आहे, गार लागेल त्यांना."

फिनेलचा वास, बाजूला जनावर बांधायची कडी, खाली पेंढा, त्यावर घरातल्या सगळ्या गोधड्या. सून कुशीवर, काकू तिच्या पाठीशी, एक हात तिच्या पोटावर, एक खाली, ओल्या ऊबदार फडक्यात तो एवढासा पाय धरून. सुनेने ती जनावरांची कडी घट्ट पकडली होती, तिची बोटं पांढरी पडली होती. "फू कर," काकू म्हणत होती. "फू. जोर नाही. माझी बाय ती. फू."

गावाबाहेर पडले तर पुढचं काही दिसेना. कडेला कालवा, रस्ता अरुंद, डॉक्टरने गाडी थांबवली. म्हणाला, मला कड दिसत नाही, मी नाही नेऊ शकत. तेव्हा भोंगा पुढच्या सीटवरून उतरला. धुक्यात गेला, दिसेनासा झाला, आणि तिकडून आवाज आला, "ये! सरळ ये! थोडं डावीकडे!" आणि गाडी त्या आवाजामागे निघाली. म्हातारा कालव्याच्या कडेने पळतोय, ओरडतोय, "डावीकडे! आता सरळ! खड्डाय, हळू!" आणि मागे गाडी. मोठ्या रस्त्यापर्यंत असंच. काकू आत बसून ऐकत होती. पक्षाच्या नावाने ओरडताना तिने तो आवाज इतक्यांदा ऐकला होता की कान किटले होते. आज म्हणत होती, थांबू नका हो, ओरडत राहा. मोठ्या रस्त्याला दिवे लागले तेव्हा तो परत येऊन बसला, आणि काही सांगायला गेला तर तोंडातून नुसती हवा आली. आवाज बसला तो बसलाच.

शहरातल्या दवाखान्याच्या फाटकावर रखवालदार आडवा. "जनावरांची गाडी आत नाही येत."

"आत बाई आहे!" डॉक्टर म्हणाला.

"गाडीवर गाय काढलीये."

आता याच्याशी वाद घालायला वेळ कुणाला? भोंगा बोलायला गेला तर नुसता घशातून खरखर. शेवटी फाटकापाशीच उतरवलं. सुनेला दोघांनी उचललं, काकू वाकून तिच्या बरोबर चालतेय, फडकं धरून, पेंढा केसांत, पेंढा साडीला. बघे उभे. कुणीतरी फोटो काढला. काकूला तेव्हा कळलंही नाही.

वाचली. दोघी वाचल्या. पोट कापून काढलं बाळ, मुलगी. डॉक्टरीण काकूला म्हणाली, अजून जरा उशीर झाला असता तर... काकू बाकावर बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्या पायात चपला नाहीत. आणि गोठ्यातली धार तशीच राहिली असेल, गाई हंबरत असतील.

आता पुढचं ऐक, खरी पंचाईत पुढेच आहे.

तो फोटो फिरला. चेहरे दिसत नव्हते, सुनेच्या तोंडावर शाल होती ना, काकू वाकलेली, पण गाडी दिसत होती, गाडीवरची गाय दिसत होती, आणि उतरवताना लोंबणारा बाईचा हात दिसत होता. दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर. सरकारी पक्षाचे लोक म्हणाले खोटा आहे, कुठल्या तरी परक्या देशातला जुना फोटो आहे, आमची बदनामी आहे. त्यादिवशी गाडी गाईसाठीच गेली होती, नोंद आहे, पहिल्या वेताची गाय.

सून टाक्यांसह घरी आली, मुलाला अजून रजा मिळायची होती, आणि पाठोपाठ मफलर आला. मफलर म्हणजे विरोधी पक्षाचा आपल्या भागातला कार्यकर्ता, उन्हाळ्यातसुद्धा मफलर गुंडाळतो तो. ओट्यावर बसला. काकू धारेला बसलेली, उठली नाही, तिथूनच बोलली.

"वहिनी, परवा सभा आहे आमची," तो म्हणाला. "तुम्ही नुसतं उभं राहायचं. बाळाला घ्यायचं आणि सांगायचं, ही बघा गाय, हे बघा वासरू. एवढंच वाक्य. मंत्र्याला राजीनामा द्यावा लागेल. तुम्ही इतकी वर्षं नवऱ्याशी भांडताय, आता सगळ्या देशासमोर बोला!"

काकूचे हात चालूच होते. चरवीत धार पडतेय, सर्र सर्र. खोटं कशाला बोलू, तिला मोह झाला. ते वाक्य तिने मनातल्या मनात किती वेळा म्हटलं होतं, शेण काढताना, दवाखान्याच्या बाकावर बसून. त्या मंत्र्याचं हसू तिला झोपेत दिसायचं.

"आणि डॉक्टरचं काय?" तिने विचारलं.

"कोण डॉक्टर?"

"गुरांचा. त्याची नोकरी जाईल ना, बाई होती म्हटलं तर."

"बघू ना त्याचं नंतर," मफलर म्हणाला. "हे बघा वहिनी, मोठ्या कामात थोडं नुकसान होतंच."

काकूची धार थांबली. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"हे मी आधी ऐकलंय," ती म्हणाली. "तेव्हा मफलर नव्हता बांधलेला एवढंच."

त्याला काही कळलं नाही. विचार करा म्हणाला, गेला.

मग तांबडी व्याली. सुखरूप, आपली आपण, कुणाला न बोलावता. मंत्री म्हणाले तस्सं. भोंग्याने वासरामागून वार पडेपर्यंत तिच्यापाशी बसून काढलं. त्याचा आवाज अजून आला नव्हता, आणि गंमत म्हणजे आवाज गेल्यापासून त्याचा खोकलाही गेला होता. पक्षाच्या कुणाचा फोन आला की तो नुसता फोनकडे बघायचा, उचलायचा नाही. काकूला वाटायचं याने काहीतरी बोलावं. चुकलो म्हणावं, किंवा मंत्र्याची बाजू घ्यावी, काहीतरी. भांडायलाही माणूस लागतोच ना रे. एकटीने किती भांडणार?

डॉक्टर वासराला बघायला म्हणून आला. आला, पण वासराकडे बघितलंच नाही त्याने. म्हणाला, "काकू, चौकशी लागलीये माझ्यावर. उद्या खात्याचे साहेब येतील. तुम्हाला जे सांगायचं ते सांगा. खरं ते खरंच आहे." एवढं म्हणून जाताना घरात डोकावला, बाळाकडे लांबून पाहिलं, "बारीक आहे," म्हणाला, "पण रडते चांगली." गुरांचा डॉक्टर ना, कौतुकही तसंच.

दुसऱ्या दिवशी खात्याचे साहेब आले. थकलेला माणूस, निवृत्तीला आलेला, बुटांना चिखल. धुकं जरा पातळ झालं होतं. ओट्यावर बसायला म्हटलं तर नको म्हणाला, गोठ्यातच उभा राहिला. काकू समोर, भोंगा खांबाला टेकून.

"त्या दिवशी तुमच्याकडून फोन आला, पहिल्या वेताची गाय अडली म्हणून," साहेब म्हणाले. "ती गाय कुठली?"

काकूने तांबडीकडे बोट दाखवलं. वासरू खाली लुचत होतं. साहेब जवळ गेले, तांबडीचं शिंग हातात घेतलं आणि त्यावरच्या वळ्यांवरून अंगठा फिरवला. गाय जितक्या वेळा विते तितकी वळी शिंगावर उमटतात, हे त्यांना कळत होतं, काकूलाही कळत होतं.

"ही तर जुनी गाय आहे बाई," ते म्हणाले. रागाने नाही. जसं कुणी म्हणावं, पाऊस येईलसं वाटतं.

आणि नेमकं तेव्हा घरात बाळ रडलं.

ते आपलं रडतंय, तारस्वरात. तांबडीने मान वर केली. साहेबांनी शिंग सोडलं, हात पँटला पुसले.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय, गाडीत कोण होतं. बाई होती म्हणालात तर त्या पोराची नोकरी गेली, मला वरून तसं सांगूनच पाठवलंय. गाय होती म्हणालात तर फोटो खोटा, आणि उद्या मंत्री टीव्हीवर तेच सांगतील. माझं काय, मी जे ऐकेन ते नेईन."

तेवढ्यात खांबापाशी हालचाल झाली. भोंगा पुढे आला. घसा खाकरला, आणि इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडातून आवाज निघाला, फाटका, गंजलेल्या दाराच्या बिजागरीसारखा.

"साहेब," तो म्हणाला. "गाडीत माझी सू..."

"गप्प बसा," काकू म्हणाली.

भोंगा तिच्याकडे बघत राहिला. "अगं, मी सांगतोय. मी. आज मी सांगतोय ना."

किती वर्षं वाट पाहिली होती तिने! याने एकदा, फक्त एकदा, त्या लोकांसमोर ताठ उभं राहून तिच्या बाजूने बोलावं. आणि आज तो उभा होता, डोळ्यांत पाणी, तोंड उघडं. काकूने त्याच्या दंडावर हात ठेवला, तो भेगाळलेला, शेणाचा हात, आणि त्याला हलकेच मागे सारलं, जसं गव्हाणीशी घुसणाऱ्या जनावराला सारतात.

"गाय होती," ती साहेबांना म्हणाली. "पहिलं वेत होतं. पाय आधी आला म्हणून गाडी बोलावली."

"कुठे आहे ती?"

"विकली."

साहेबांनी बुटाचा चिखल पेंढ्यावर पुसला. "आणि वासरू?"

"कालवड झाली."

"जगली?"

"ऐकू येतंय ना तुम्हाला," काकू म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. नमस्कार केला, काकूला नाही, जरासा घराच्या दाराकडे वळून, आणि निघून गेले.

काकू आत गेली. सून भिंतीला टेकून बाळाला पाजत होती, तोंड पांढरंफटक. गोठा तो केवढा आणि भिंत ती केवढी, सगळं ऐकलं होतं तिने.

"आई," ती म्हणाली, "मला विकलीत ते कळलं. कालवड कुणाकडे ठेवलीत?" आणि तिला हसू आलं, हसल्यावर टाके ओढले गेले, मग ती पोट धरून रडायला लागली, की हसतच होती, देव जाणे. काकू तिच्याजवळ बसली. तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांत अजून कुठे पेंढा राहिलाय का ते बघत बसली. भोंगा उंबऱ्याबाहेरच बसला, आत आला नाही.

संध्याकाळी टीव्हीवर मंत्री आले. म्हणाले, चौकशी झाली, फोटो खोटा निघाला, गाडीत गाय होती, आणि आमच्या सेवेमुळे ती गाय सुखरूप आहे, वासरूही सुखरूप आहे. टाळ्या. काकूच्या हाताला शेण होतं, तिने टीव्ही बंद केला नाही. भोंग्यानेही केला नाही.

"चला," सून अंथरुणातून म्हणाली. "मंत्रीच म्हणतायत म्हणजे मी बरी असणार."

डॉक्टर अजून येतो. गाडी तीच. काकूकडे आला की चहा न घेता जात नाही, पण सुनेकडे वर मान करून बघत नाही, आणि सूनही तो आला की आत जाते. मफलर आता काकूला रस्त्यात बघून तोंड फिरवतो, म्हणतो, विकली गेली बाई. तोही विकली म्हणतो, बघ.

आता तू सांग. घाई नको, नीट विचार करून सांग. समोर साहेब उभे आहेत, नवरा जन्मात पहिल्यांदा तुझ्या बाजूने बोलायला तोंड उघडतोय, आत पोर रडतंय, आणि तिकडे तो हडकुळा पोरगा गाडीत बसून वाट बघतोय. तू असतास त्या गोठ्यात, तर काय म्हणाला असतास? गाय की बाई?